वितळलेले नमुने

ती. आईस, थोरलीचा वाकून नमस्कार.

या आठवड्यात कामातून उसंत आहे. खोली आवरली, वेळेवर जेवते आहे.

कारण सांगते, पण बाबांना एवढ्यात सांगू नकोस. लॅबमधला फ्रीजर बंद पडला आणि माझे सगळे नमुने वितळले. त्यातल्या पेशी जगल्यात का, हे आठवड्यानेच कळतं. सर म्हणाले, "घरी जाऊन झोप." झोप कसली, जीव टांगणीला लागला होता.

आज मायक्रोस्कोपखाली पाहिलं. बहुतेक गेल्या, थोड्या मात्र वाढताहेत.

"यातून काम पुन्हा उभं करता येईल," सर म्हणाले, "पण वर्ष जाईल."

मी हो म्हणून आले. म्हणजे यंदाही घरी येणं नाही.

बाबांचा गुडघा कसा आहे? रागावलीस तर तसं लिही, आई. गप्प तेवढी बसू नकोस.

तुझीच,
थोरली