एका गुडघ्याच्या गोळ्या

३ जून, मंगळवार
ठरलं. श्रावणातल्या शिवनाम सप्ताहात मी खालीच बसणार. पहिली रांग, सतरंजी, मांडी. बावीस वर्षं बसते तशी. अजून पंचावन्न दिवस हातात आहेत.
उजवा गुडघा थोडा कुरकुरतो, एवढंच. लातूरच्या डॉक्टरनं फोटो काढला अन् म्हणला, आजी, मांडी बंद, खुर्ची वापरा. त्याला काय ठाऊक. गेल्या साली समोरच्या घरातल्या रुद्राणीबाई सप्ताहात मागं खुर्ची टाकून बसल्या, तेव्हा भरल्या मंडपात मीच म्हणले होते, बाई, पारायणाला आलाव का लग्नाला? बाया फिदीफिदी हसल्या. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत न्हाईत. आता मीच त्यांच्या शेजारी खुर्ची टाकू? त्यापेक्षा गुडघा जाऊ दे.

६ जून, शुक्रवार
वैजनाथनं पुण्याहून गुडघ्याच्या गोळ्यांची बाटली पाठवली. फोनवर म्हणला, आई, हे औषध नव्हं, ताकदीचं आहे, सकाळी एक, संध्याकाळी एक घे.
मी विचार केला. गुडघे दोन, म्हणून गोळ्या दोन. माझा एकच दुखतो. एक पुरे. दोन महिन्यांची बाटली चार महिने जाईल. ह्यांना सांगितलं तर म्हणले, गोळीला कसं कळणार कोणत्या पायात जायचं? ह्यांच्याशी काय बोलावं. मॅट्रिक मी झालेय, हे न्हाई.

१४ जून, शनिवार
उपाशीपोटी भिजवलेल्या मेथ्या, चालू. निरगुडीचा पाला वाफवून बांधणे, चालू. लसूण घालून कढवलेलं तेल, चालू. सगळं उजव्यालाच.
कालपासून डावा दुखतोय. म्हणजे गुण आला! उजव्यातलं दुखणं निघालंय, आता डाव्यातून बाहेर पडेल. दीपमाला, आमची सून, म्हणली, आत्या, तेल दोन्हीला लावा की. तेल काय नळाला येतंय?

२ जुलै, बुधवार
पूजा करून पाटावरून उठताना देवघराचं कपाट धरलं. कपाट हाललं, आतली घंटी आपोआप वाजली. शुभ लक्षण.
सुधारणा नक्की आहे. आधी उठायला ह्यांना दोन हाका माराव्या लागायच्या. आता एकच. जरा मोठी.

१० जुलै, गुरुवार
घात झाला.
दीपमालानं बाटलीवरचं बारीक अक्षर मोबाइलवर मोठं करून वाचलं. म्हणली, आत्या, हे कोळंबीच्या अन् खेकड्याच्या कवचापासून करतात, ही बघा मांसाहाराची तपकिरी खूण. मी रोज इष्टलिंगाची पूजा झाली की तीर्थाबरोबर घेत होते! ज्या घरात अंड्याचं टरफल आलं न्हाई, त्या घरात. तेही देवासमोर!
हे हसून हसून खोकले. म्हणले, तरीच म्हणलं, हल्ली तू आडवी का चालतीस.
डोक्यावरून आंघोळ केली. मग शांतपणे मोजलं. पस्तीस गोळ्या पोटात गेल्यात. वैजनाथच्या हिशोबानं गेल्या असत्या तर सत्तर. म्हणजे पाप निम्मंच. काटकसर अशी कामाला येते.
बाटली टाकवेना. देवघरापासून लांब, धुण्याच्या पावडरीमागं ठेवली.
प्रायश्चित्त: सप्ताहाचे सातही दिवस खाली बसायचं. मधे उठायचं न्हाई.

२७ जुलै, रविवार
स्वयंपाकघरात सराव. मांडी अकरा मिनिटं टिकली. बाकीची महादेव टिकवेल.

२८ जुलै, सोमवार
पहिला दिवस. पहिली रांग. मांडी घातली, मागं वळून रुद्राणीबाईंच्या खुर्चीकडं बघितलंसुद्धा.
तासाभरानं पाय दुसऱ्या कुणाचे तरी झाले. आरतीला सगळे उठले. मला उठता येईना. हात टेकले, सरकले, काही उपयोग न्हाई. मग लाजेनं डोळे मिटले अन् हात जोडले.
बायांना वाटलं तंद्री लागली. एक म्हणली, बघा की, किती रमल्यात. दुसरी पाया पडली. तिसरीनं माझ्या गुडघ्यावर डोकं टेकलं, नेमकं उजव्या. डोळ्यांतून पाणी आलं. ते बघून तर रांगच लागली. अन् प्रत्येकीचं डोकं त्याच गुडघ्यावर. महादेवा, खेकडा खाल्ला म्हणून एवढं?
गलका थांबला, प्रसादाची ताटं बाहेर वाजायला लागली, तरी मी तशीच. डोळे उघडायची हिंमत होईना. तेवढ्यात फरशीवरून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. अन् कानाशी रुद्राणीबाई. वर्षानं बोलल्या. अक्का, बाया गेल्या. डोळे उघडा. खुर्ची धरा, मी मागनं उचलते.
उचललं. तिसऱ्या खेपेला.

२९ जुलै, मंगळवार
मागं बसले. खुर्चीवर. त्यांच्या शेजारी.
दिवसभर पोथीत लक्ष न्हाई. आता म्हणतील, मग म्हणतील, लग्नाला आलाव का. तोंडात उत्तरही तयार ठेवलं होतं. म्हणल्या न्हाईत. आपल्या खुर्चीवरची उशी काढून माझ्या पाठीमागं सरकवली. म्हणल्या असत्या तर बरं झालं असतं.
दुपारी प्रसादाच्या वेळी एवढंच विचारलं, अक्का, कोणता दुखतो?
मी म्हणले, दोन्ही.