कर्जाला मत नसतं

३ जानेवारी

चि. बारकूस,
अ. उ. आ.

पत्र पाहून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनच केला असता, पण त्या कारखान्यातल्या पंख्यांच्या घरघरीने तुझे कान गेलेत. अर्धं ऐकतोस आणि उरलेलं मनाने भरतोस. शिवाय आज मला मध्येच कुणी तोडलेलं चालणार नाही. मी भयंकर चिडले आहे.

आपल्या घरात पैशाचं बोलणं फक्त मोठ्याशी करायचं, धाकट्यांनी आपसात करायचं नाही, हा बाबांचा दंडक. बाबा जाऊन इतकी वर्षं झाली तरी मी तो पाळला. आज मोडते. मला सरळ सांग, माझा हिस्सा कुठे जातो? काचकारखान्याचे निम्म्याहून जास्त शेअर बाबांनी घरच्या कंपनीत ठेवले आणि त्या कंपनीचे तीन सारखे वाटे करून तिघांना दिले. त्यातल्या माझ्या वाट्यावर सहा वर्षांत मला एक छदाम मिळालेला नाही. दादाला विचारलं की तो उसासा टाकून म्हणतो, मी काय करू चिमे, बारकू ऐकतच नाही, त्याला सगळा पैसा भट्टीत घालायचाय. मला त्याची बाजू घ्यावी लागते, आणि तिघांत दोघं एकीकडे असल्यावर तुझ्या एकटीच्या मताने काय होणार!

इकडे तुझ्या भावोजींनी वर्षभरात जिना उतरलेला नाही. खुब्याचा सांधा बदलायचा आहे. डॉक्टर म्हणतात उशीर केलात तर दुसरा पायही जाईल. मी दिवसभर आमच्या औषधाच्या दुकानात उभी राहून जगाला गोळ्या देते आणि घरी येऊन नवऱ्याला कण्हताना ऐकते. तू भट्टीला विटा घाल, सोन्याच्या घाल, पण ह्यांच्या हाडांच्या जिवावर नको. लहानपणी माझं पांघरूण ओढून घ्यायचास तेव्हा मी आईला सांगत नसे. तीच तुझी सवय वाढवून ठेवली मी.

वीस फेब्रुवारीला घरच्या कंपनीची सभा आहे. त्याआधी उत्तर दे, आणि गोडगोड नको.

माया आटलेली नाही, पण सध्या तिला मागच्या रांगेत बसवलं आहे.

तुझी,
ताई


११ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र भट्टीच्या दाराशी उभं राहून वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग तुझा आला. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा दादाचा.

अगं, कुठल्या भट्टीत पैसा? काचेची भट्टी एकदा पेटवली की वर्षानुवर्षं विझवत नाहीत, आणि आतली वितळलेली काच रात्रंदिवस भिंतीच्या विटा खात असते. काही वर्षांनी ती विझवून भिंत नव्याने बांधावीच लागते. मी तीन वर्षं त्यासाठी दादाच्या पाया पडतो आहे. एक वीट मिळालेली नाही! बाहेरून पंखे लावून भिंतीवर गार वारा मारत दिवस काढतोय. तरी एका कोपऱ्यात भिंतीला तांबडा डाग धरलाय. तळहाताएवढा होता, आता ताटाएवढा झालाय. एकेका पाळीत चाळीस माणसं त्या भिंतीच्या आसपास वावरतात आणि माझ्या तोंडाकडे बघतात.

आणि लाभांश? कारखान्याने तो दरवर्षी दिलाय. एक वर्ष चुकलेलं नाही. गेली दोन वर्षं नफा जेमतेम होता, तर दादाने कारखान्याच्या नावावर, भट्टीच तारण ठेवून, कर्ज काढायला लावलं आणि त्यातून लाभांश वाटला. कारखान्यात घरच्या कंपनीचे एक्कावन्न टक्के, बाकीचे बाहेरच्यांचे. म्हणजे घरच्या कंपनीत एक्कावन्न पडायला कारखान्याने शंभर कर्ज काढायचं आणि शंभरावर व्याजही त्यानेच भरायचं. हा कुठला व्यवहार? पण दादाला काय त्याचं! कारखाना बुडाला तर बुडणाऱ्यांत तो एक, आणि वर आलेले पैसे हाताळणारा मात्र तो एकटाच.

मी सही का केली, विचारशील. कारण दादा दरवेळी मला सांगायचा, ताई अडचणीत आहे, तिला लाभांश हवाच आहे, आम्ही दोघं एकीकडे असल्यावर तुझ्या एकट्याच्या मताने काय होणार. शब्दन् शब्द तोच, ताई! मी दात-ओठ खायचो आणि म्हणायचो, मरू दे, ताईच्या घरात तरी जातंय. तुझ्यावर मनातून चिडलेलो होतो, खोटं कशाला बोलू. म्हणूनच दोन वर्षं तुझ्याकडे आलो नाही.

परवा घरच्या कंपनीचे हिशेब मागवून घेतले. सगळा पैसा दादाच्या स्वतःच्या बांधकाम कंपनीला हातउसना गेलाय. चौकातला तो नऊ मजल्यांचा सांगाडा आहे ना, खिडक्या नसलेला, तो आपला लाभांश.

बरं, दुसरीकडून पैसा मिळत नव्हता असंही नाही. आपल्या बाटल्या घेणारी औषध कंपनी कारखान्याचे नवे शेअर घेऊन भिंतीचा सगळा खर्च घालायला तयार होती. दादाने त्यांना चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं. नवे शेअर काढले की घरच्या कंपनीचा हिस्सा निम्म्याखाली येणार, मग कारखान्यात ह्याचा शब्द शेवटचा कसा राहणार? मी तोंडावर विचारलं, भागीदार नको तर कर्ज कसं चालतं तुला? तर हसून म्हणाला, बारकू, कर्जाला मत नसतं.

वीस तारखेला पुन्हा तेच आहे, मोठं कर्ज आणि मोठा लाभांश. ते झालं की बँक भिंतीसाठी दमडी देणार नाही. कुंपणानेच शेत खायचं ठरवलंय, ताई.

अक्षर लागलं नाही तर रागाला बोल लाव. भावोजींना नमस्कार. माझ्यावरचा लोभ मागच्या रांगेतून थोडा पुढे आण.

तुझा,
बारकू


२९ जानेवारी

चि. सौ. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर जो थयथयाट केलास तो मी मनावर घेतलेला नाही. घरात आजारपण असलं की माणसाचा तोल जातो. तरी मोठ्या भावाला चोर म्हणण्याची पद्धत आपल्याकडे नव्हती, एवढं नोंदवून ठेवतो.

मी तुम्हा दोघांना वेगवेगळं सांगितलं, हे खरं. तुम्ही समोरासमोर आला असतात तर भांडला असतात. ते टाळायला मी मध्ये उभा राहिलो, आणि बक्षीस म्हणून आज शिव्या खातो आहे. राहता राहिली इमारत. तिचे गाळे विकले गेले की पैसा व्याजासकट घरच्या कंपनीत येईल. धंद्यात धीर लागतो. तुला दुकानात बसून तो कळायचा नाही, बारकूला धुरात बसून कळायचा नाही.

आता कामाचं. या वेळचा लाभांश जमा झाला की तुझा तिसरा हिस्सा त्याच आठवड्यात तुझ्या खात्यात घालतो. माझा शब्द. मार्चमध्ये जावईबापूंचं ऑपरेशन उरकून टाक, उत्तम डॉक्टर मी पाहून देतो. तू फक्त वीस तारखेला माझ्या बाजूने हात वर कर. बारकू भिंत भिंत करत गेली तीन वर्षं ओरडतोय, भिंत उभीच आहे. शांतपणे विचार कर, तुला नवरा हवा की विटा?

आणि विरोधातच जायचं असेल तर माहेर म्हणून माझ्या दाराशी यायचे कष्ट पुन्हा घेऊ नकोस.

तुझ्या भल्याचंच पाहणारा,
दादा


९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल दुपारच्या पाळीत भिंत फुटली. डाग होता तिथेच. बोटाएवढी धार, पण वितळलेल्या काचेची! पाण्याचे फवारे मारून मारून ती जागेवर गोठवली. आता भट्टी त्या गोठलेल्या काचेच्या बुचावर उभी आहे आणि मी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसलोय.

पंख्यांना तेल घालणारा आपला तेलवाला त्या वेळी तिथे वाकलेला होता. दोन्ही पाय भाजले. बूट कापून काढावे लागले. बाबांच्या वेळचा माणूस गं, मला कडेवर घेऊन कारखाना दाखवलेला. इस्पितळात मला म्हणतो, धाकटे मालक, पंखा बंद पडू देऊ नका. मला तिथे उभं राहवेना.

दादाला कळवलं. त्याने पहिला प्रश्न विचारला, बँकेपर्यंत बातमी गेली का. तेलवाल्याचं दुसऱ्या वाक्यातही नाही, तिसऱ्यातही नाही. मी फोन भिंतीवर आपटला. नवा घ्यावा लागेल.

तुला त्याने काय देऊ केलंय ते त्यानेच मला ऐकवलं, मोठ्या ऐटीत. ताई, घ्यायचं असेल तर घे. मनापासून सांगतो. भावोजींचे पाय एकीकडे आणि तेलवाल्याचे दुसरीकडे ठेवून तू निवड कर असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? तुझ्यावर रागावणार नाही. माझा सगळा राग दादाला लागतोय, तोच पुरत नाही.

काही झालं तरी मला अंतर देऊ नकोस.

तुझा,
बारकू


२४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सभेतून तू खुर्ची मागे ढकलून निघून गेलास, म्हणून पुढचं लिहून कळवते. नंतर म्हणशील, मला कुणी सांगितलं नाही.

कर्ज काढून लाभांश घ्यायचा नाही, असं ठरलं. औषध कंपनीला नवे शेअर द्यायला घरच्या कंपनीची संमती आहे, असं ठरलं. आपला हिस्सा निम्म्याखाली जाईल. जाऊ दे. तुझ्या बांधकाम कंपनीला हातउसने परत करण्याची नोटीस जाईल. घरच्या कंपनीचं तुझं अध्यक्षपद काढून घेतलं आहे. तीन वर्षं कारखान्याचा नफा कारखान्यातच राहील आणि लाभांश कुणालाच नाही, मलाही नाही. प्रत्येक वेळी दोन हात वर झाले, बारकूचा आणि माझा. इतकी वर्षं तुझं सगळं राज्य आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हतो एवढ्यावरच चाललं होतं, हे त्या टेबलाशी बसून कळलं तेव्हा मला माझीसुद्धा चीड आली.

भट्टी विझवायला घेतली आहे. ती एकदम थंड करत नाहीत, हळूहळू उतरवतात. मी आत जाऊन पाहून आले. तूही एकदा जा. पोट भरलं त्या भट्टीवर आपलं, आणि तुला तिच्याकडे जायची वाट तरी माहीत आहे का?

काल तुझा निरोप आला की विटांसाठी नवऱ्याला लंगडं ठेवणारी बायको तू पहिल्यांदाच पाहिलीस. हो दादा, ठेवलं. तुझं पत्र आणि बारकूचं पत्र दोन्ही मी ह्यांना वाचून दाखवली. हे म्हणाले, त्या तेलवाल्याच्या पायांवर मला चालता यायचं नाही. पुढे त्यांनी एक शिवी दिली, ती तुझ्यासाठी होती, लिहीत नाही. दुसऱ्या मजल्यावरचं घर आम्ही सोडलं. दुकानामागच्या गोदामात खोकी सरकवून दोन खाटा टाकल्या आहेत. जिना नाही. काठीच्या आधाराने हे दुकानाच्या दारापर्यंत येतात आणि गिऱ्हाइकांशी भांडतात. ऑपरेशन कधी होईल, मला माहीत नाही. त्यांना रात्री दुखतं. ते ऐकताना प्रत्येक वेळी मला तू आठवतोस, आणि चांगला आठवत नाहीस.

पैसे नेलेस याचा राग आहे, पण तो एक वेळ गिळेन. तू मला सहा वर्षं माझ्या पाठच्या भावाचा दुस्वास करायला लावलास. त्याला माझा करायला लावलास. त्याच्या लेकीच्या लग्नाला मी तोंड वाकडं करून एक तास बसले आणि उठून आले! ते लग्न मला परत कुठून आणून देणार आहेस? ह्याची काही लाज वाटते का तुला? मला लिहितानाही रडू येतंय, आणि तुझ्यापायी रडायला लागतंय याचा आणखी संताप होतोय.

तुझ्या दाराशी येणार नाही, काळजी नको.

पण घाबरू नकोस, तुझा वाटा आम्ही खाणार नाही. भिंत उभी राहील, कर्ज फिटेल, आणि ज्या दिवशी पहिला लाभांश निघेल त्या दिवशी तुझा तिसरा हिस्सा, आमच्याइतकाच, आमच्याच दिवशी, न मागता तुझ्या खात्यात पडेल. एवढं तू आम्हाला कधी दिलं नाहीस.

लोभ असावा असं लिहायची हाताला सवय आहे, म्हणून लिहिते.

चिमी