स्कल्पराव

सेंगकांग, सिंगापूर
१४ जानेवारी २००६

ती. नानांस,
मीनलचा शि. सा. नमस्कार वि. वि.

आधी तिळगूळ घ्या, मग रागवा. कारण मी पुन्हा तोच विषय काढणार आहे. तुमचं तिकीट दोनदा रद्द झालं. आई गेल्यापासून तुम्ही नाशिकला एकटे, आणि बोलावलं की तुमचं एकच पालुपद, तिथे येऊन मी काय करू.

आमच्याकडे मात्र एक पाहुणे आलेत. हौगांगला एक चिनी आजोबा जुन्या वस्तूंचं दुकान बंद करत होते. तिथून संजीवने फ्रेंच राजाच्या कुणा दिवाणाचं छापील चित्र आणलं, तीनेकशे वर्षांपूर्वीचं. कुरळ्या केसांचा टोप, गळ्याला लेस आणि चेहऱ्यावर आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीचा तोरा. उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात शेवटी ‘स्कल्प’ लिहिलंय. तेच आडनाव धरून आम्ही त्यांना स्कल्पराव म्हणतो. नील शाळेत जाताना त्यांना टाटा करतो. झेरॉक्स सोबत आहे.

तब्येतीला जपा. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
मीनल


नाशिक
२ फेब्रुवारी २००६

चि. मीनल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून हसू आवरेना. अगं, कोरणाऱ्याची मुलगी ना तू? ‘स्कल्प’ हे दिवाणाचं आडनाव नव्हे. ‘याने कोरलं’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दाचं ते आखूड रूप. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरणारा आपलं नाव घालून पुढे ते लिहायचा. म्हणजे तुम्ही रोज दिवाणाला कारागिराच्या नावाने हाक मारता. बरंच करता.

झेरॉक्समध्ये सगळं काळं झालंय. भिंग घेऊन गाल बघ. रेघा एकमेकींना छेदतात, की एकच रेघ जाड-बारीक होत जाते? दुसरं काम फार अवघड. लगेच कळव.

येण्याचं म्हणशील तर तुम्ही दोघं ऑफिसात, नील शाळेत. मी काय त्या दिवाणासारखा भिंतीला लागून बसू? हल्ली उजवा हातही कापतो. हत्यारांची पेटी सहा वर्षांत उघडलेली नाही.

संजीवरावांना नमस्कार, नीलला गोड पापा.

तुझे,
नाना


सेंगकांग
२० फेब्रुवारी २००६

ती. नानांस,
शि. सा. नमस्कार.

छेदत नाहीत! रेघ सावलीपाशी जाड होते आणि उजेडाकडे केसासारखी बारीक. नील इथल्या पोरांसारखं शेवटी ‘लाह’ लावून म्हणाला, आजोबांना हे जमणार नाही लाह. मी म्हटलं, तुझ्या आजोबांनी सरकारी छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रांक कोरले. त्यावर त्याने विचारलं, मग त्यांचं नाव कुठे असतं?

तुम्ही मला लहानपणी दिलेले सगळे मुद्रांक काढून आम्ही भिंगाने शोधलं. नाना, कुठेच नाही. नऊ वर्षांच्या पोराला जे सुचलं ते मला इतक्या वर्षांत सुचलं नाही, याची फार लाज वाटली. रडूही आलं.

नीलचा फोटो ठेवते आहे. आजोबांनी माझं चित्र कोरावं, असा त्याचा हट्ट आहे. जमलं तर बघा, हात दुखवू नका.

रागावला असाल तरी पत्र लिहा.

तुमची,
मीनल


नाशिक
११ एप्रिल २००६

चि. मीनल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सरकारी कामावर नाव घालायचं नसतं, हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्याचं वाईट वाटत नाही, असं मी तुझ्या आईला नेहमी सांगायचो. ते खोटं होतं.

पेटी उघडली. तांब्याचे दोन पत्रे वाया गेले. तिसऱ्यावर नीलचा गाल साधला. हनुवटीपाशी हात हलला, तिथली रेघ थरथरली आहे. ती तशीच राहू दिली. शेजारचा सुबोध कॉलेजात चित्रकला शिकवतो, तिथल्या प्रेसवर छाप काढला. सोबत ठेवतोय.

पत्र्यावर अक्षरं उलटी कोरावी लागतात. चौतीस वर्षं कोरली, पण स्वतःचं नाव उलटं कसं दिसतं ते या वयात पाहिलं. तेवढ्या नावालाच अख्खी दुपार गेली. नीलला म्हणावं, भिंग घे आणि उजवा कोपरा बघ.

मे महिन्याचं तिकीट काढ. खिडकीपाशी एक टेबल लागेल, उजेड डावीकडून हवा. आणि दिवाणासाठी आता दुसरं नाव शोधा.

लोभ आहेच, तुझ्या वरणात मीठ कमी असलं तरी तो टिकेल.

तुझे,
स्कल्पराव