दिकोस्ताच्या नावाची घागर

चैत्र वद्य नवमी, शके १८४३
पिंप्राळा, जळगावजवळ

टुंग... टुंग... टँव. लहानपणी चाळीसगावला आमच्या गल्लीत पिंजारी यायचा, त्याच्या धनुकलीच्या तातेचा हा आवाज. कापसाचे पांढरे ढग ओट्यावरून तरंगत जायचे आणि मी आईच्या मांडीवर डोळे मिटून ऐकत पडायचो. तो आवाज आज इतक्या वर्षांनी पुन्हा कानी आला. नव्या घरात आमची मंडळी, म्हणजे भागाबाई, केर काढत होती. केरसुणी भिंतीवर टांगलेल्या कशाला तरी लागली, आणि टुंग!

पेन्शन झाल्यावर कुठंतरी निवांत राहावं, ही आम्हा दोघांची फार दिवसांची इच्छा. रुपचंदशेठनी त्यांच्या सरकी काढायच्या कारखान्यामागचं, म्हणजे इथले लोक म्हणतात त्या जिनामागचं, हे घर राहायला दिलं. बरेच दिवस बंद होतं, पण भिंती जाड आहेत, अंगणात कडुनिंब आहे, ओट्यावर बसलं की जळगावच्या रस्त्यानं जाणाऱ्या गाड्या दिसतात. माझी कवितांची पुस्तकं कोनाड्यात लावली. जन्मभर वर्गात म्हटल्या, आता स्वतःसाठी म्हणेन. फार बरं वाटतंय.

भिंतीवरचं ते वाद्य गिटार आहे. जिनाचा रखवालदार लोटन सांगत होता, इथं दिकोस्ता नावाचा गोव्याकडचा फिटर राहायचा. मानमोडीच्या तापाची साथ आली होती, तीत तो गेला. मागं कोणी नव्हतं, म्हणून वाद्य होतं तिथंच राहिलं.

चैत्र वद्य एकादशी

गिटार उतरवून मऊ फडक्यानं पुसलं. जुनं आहे, दिकोस्ताच्याही आधी कुणाचं तरी असावं. मान काळ्याभोर लाकडाची. पडदे झिजलेत आणि त्यांच्यामध्ये लाकडात बोटांचे खळगे पडलेत. कुणाची बोटं किती वर्षं तिथं विसावली असतील! पोटावरच्या गोल भोकाभोवती शिंपल्याची नक्षी आहे, तिचे काही तुकडे गळालेत. आपल्याकडच्या उन्हानं पोट तडकलंय. ताता पेलणाऱ्या घोडीपासून खालच्या काठापर्यंत चीर गेलीय आणि तीत माझं नख सहज शिरतं. घोडी एका अंगानं उचकटलीय, मान जराशी पुढं वाकलीय. तातांपैकी एकच शाबूत आहे. लाकूड इतकं सुकलंय, की कानाशी धरलं तर आतल्या आत करकरतं.

मला वाजवता येत नाही. त्या एकल्या तातेवर भुजंगप्रयाताचे लघुगुरू छेडून पाहिले, वृत्त झकास डुलतं. भागाबाई म्हणाली, जन्मभर कवितांनी पोरं झोपवलीत, आता निदान लाकडाला तरी जागं ठेवा.

वैशाख शुद्ध तृतीया, आखाजी

आज घरोघरी पितरांच्या घागरी भरल्या. आमची लेक भिकू जामनेरला दिलीय. दरवर्षी आखाजीला माहेरी येते, पण यंदा दिवस भरत आलेत म्हणून सासूनं पाठवलं नाही. घर सुनं वाटत होतं.

माझ्या वडिलांची घागर पुजून झाली. भागाबाई मात्र गिटाराकडे बघत बसली होती. म्हणाली, "बिचाराना मांगे कोनी नही शे. तेना नावनी घागर आपुन भरूत."

मला गहिवरून आलं. दुसरी घागर मांडली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, शेजारी गिटार टेकवलं. पाणी सोडताना गोत्र सांगायचं असतं. ख्रिस्ती माणसाचं गोत्र कुठून आणू? आमचंच सांगितलं. मग जिभेवर शब्द आले ते काही आवरले नाहीत. म्हणालो, "दिकोस्ता, तू आमचाच. या छपराखाली आम्ही आणि आमची लेकरं जे पाणी पितील, त्यात तुझा वाटा."

भागाबाईनं पदरानं डोळे पुसले.

जेवणं झाल्यावर पाहतो तर त्याची घागर कोरडी ठणठणीत. वडिलांची तशीच भरलेली होती. नवं मडकं पाणी पितंच, असं म्हटलं आणि पुरणपोळी अंगावर आली होती म्हणून जरा आडवा झालो.

वैशाख शुद्ध पंचमी

भागाबाईला तहान फार लागतेय. ऊनही तसंच आहे म्हणा. पण गिटाराची चीर मिटत चाललीय. अशा हवेत लाकूड उकलायला हवं. मी दोनदा पाहिलं. नख आता शिरत नाही.

वैशाख शुद्ध सप्तमी

तिनं माठ रिता केला तरी जीभ कोरडीच. ओठ फुटलेत. हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते.

गिटाराची घोडी आपोआप बसलीय. मान सरळ झालीय. भोकातून आत हात घातला, बोटं ओली झाली.

जळगावचे डॉक्टर येऊन गेले. ऊन लागलंय म्हणाले. पाणी पाजा, भरपूर पाजा.

वैशाख शुद्ध अष्टमी

शेजारच्या धुरपदाबाईनं आज सगळं सांगितलं. दिकोस्ता तापात पाणी पाणी करत होता. साथीच्या धास्तीनं आत कोणी पाऊल टाकलं नाही. तिनंच धीर करून उंबऱ्यावर तांब्या ठेवला आणि पळाली. तिथवर त्याला सरपटत येता आलं नाही.

मी घागरीचं सांगितलं, काय बोललो तेही सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला.

"मास्तर, वाटा तुम्हीच दिन्हा. आते परत कसा मांगशात?"

तिनं आपल्या घरचं पाणी आणून पाजलं. तेच झालं. भागाबाईच्या घशाखाली घोट उतरतो आणि इकडे लाकूड ओलं होतं. पाजावं तर तो पितो. न पाजावं तर ती —

वैशाख शुद्ध नवमी

लोटननं गाडी आणली. हिला उचलून नेत होतो. उंबऱ्याशी आलो आणि हिचा श्वास अडकला, डोळे फिरले. आत आणली तसा सुरू झाला. पुन्हा नेली, पुन्हा तेच. लोटन रडायला लागला.

गिटारापुढे डोकं टेकलं. म्हटलं, माझा वाटा घे, सगळाच घे, हिचा सोड. भोकातून नुसता गारवा आला.

भिकूला कळवायचं नाही. कळलं तर धावत येईल. लोटनला शपथ घातलीय.

वैशाख शुद्ध दशमी

कुऱ्हाड उचलली. गिटाराच्या पोटातून कण्हणं आलं. भागाबाईचं. ती माझ्यासमोर पडलेली, तोंड मिटलेलं.

कुऱ्हाड ठेवून दिली.

तुटलेल्या ताता सगळ्या परत आल्यात. मी लावल्या नाहीत.

एकादशी

माझाही घसा गेला. तिला हाक मारली, ओठ नुसते हलले. पाठ असलेल्या कविता एकेक म्हणून पाहिल्या — एकही फुटेना.

कोपऱ्यात गिटार वाजतंय, लघु, गुरू, गुरू — कोणी छेडत नाही —

ती पाणी मागते. डोळ्यांनी. मी पाजतो. काय करू, पाजतोच.

द्वादशी, दुपार

श्वास आहे अजून. पाय उचलत नाहीत माझे. पाणी प्यायचं मी सोडलं, तिच्यासाठी तरी —

बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज. डॉक्टर असतील.

नाही. डॉक्टर नाहीत. भिकू —

पोट सावरत उतरतेय. घामानं निथळलीय. जावई बैल सोडतायत. कुणी सांगितलं हिला —

हाक मारतो, आवाज नाही. हातानं जा म्हटलं, तिला वाटलं ये म्हणतो. आली आत. माठाकडे वळली —

भिकू हे वाच. आईकडे मग बघ. या घरात पाणी पिऊ नकोस. तू नाही, पोटातलं नाही — तांब्या खाली ठेव, आधी इकडे बघ, हे वाच भि