परातीतलं पिवळं

२ एप्रिल २०१६
पोचलो एकदाचा! तेलगावच्या अलीकडे एका सहकारी साखर कारखान्याचा दवाखाना. ऊसच नाही म्हणून कारखाना बंद, पण चेअरमनसाहेबांनी यकृताची ताठरता मोजणारं कोरं करकरीत यंत्र आणून ठेवलंय. पुण्यात त्यासाठी रांग असते, इथे मी एकटा राजा. क्वार्टर हवेशीर. कंपाउंडर शहादेव चहा बरा करतो. दुष्काळ आहे म्हणतात, पण शहाणपणाचा त्याही आधीपासून असावा.

५ एप्रिल
पहिला पेशंट बिभीषण, ऊसतोड कामगार. हेपॅटायटिस सी, डोळे पिवळेजर्द, यकृत जवळजवळ दगड. पोटातलं पाणी काढलं, नव्या गोळ्या सुरू केल्या. पूर्वी वर्षभर इंजेक्शनं टोचून निम्मेच बरे व्हायचे. या गोळ्यांनी तीनेक महिन्यांत विषाणू जातो. त्यातूनही बिघडलंच तर यकृत बदलता येतं. एवढा घसा कोरडा केला आणि हा शहादेवला विचारतो, चतुराबाईकडं कवा न्येता? धन्य!

९ एप्रिल
ही चतुराबाई कावीळ 'उतरवते'. रोग्याच्या हातांना कसल्याशा सालीचा रस चोळते, हात चुन्याच्या पाण्यात धरते, पाणी पिवळं होतं, बघे हात जोडतात. सालीला चुना लागला की रंग येणारच, शाळकरी पोरही सांगेल. मग ते पाणी म्हणे वाहत्या पाण्यात सोडायचं. नदीत फुफाटा उडतोय. म्हणून बिभीषणची उतरवलेली कावीळ परातीत घेऊन बाई माझ्याच दारात, टँकरचं हंडाभर पाणी मागायला! दिलं नाही. वाहतं न्हाई तर ह्ये जाईल कुटं, डाक्टर, म्हणाली. मी सगळ्यांदेखत माझे स्वच्छ हात त्या पिवळ्या पाण्यात बुडवले. बघा, काही होतं का? पाणी पांढरं झालं. गर्दी मागे सरकली. असली भित्री जनता.

१२ एप्रिल
बिभीषणचे डोळे स्वच्छ. यंत्र सांगतं, यकृत मऊ. गोळ्या इतक्या झटपट काम करत नाहीत. यंत्रच बिघडलं असणार. शहादेव चहा लांबूनच ठेवतो. खेडवळ कुठला!

१६ एप्रिल
नखं पिवळी. रक्त तपासलं. परत तपासलं. बिभीषणचा जुना रिपोर्ट आणि माझा— आकड्याचाही फरक नाही. शक्यच नाही. यंत्र माझ्याच बरगडीला लावलं. दगड.

१८ एप्रिल
पोट तट्ट फुगलंय. पुण्याला गेलो तर वाचेन, यकृत मिळालं तर— गाडीवाला दारातूनच परतला. मला भीती वाटतेय. चतुराबाईला निरोप धाडला: हंडाच काय, अख्खा टँकर नदीत ओततो, हे सोडव. शहादेव उत्तर घेऊन आला. म्हणाली, आता कावून? सोडायला जागा घावली की.

१९ एप्रिल
फाटकापासून रांग. पार वडवणीकडची माणसं. प्रत्येकाच्या हातात परात. अरे मूर्खांनो, गोळ्या आहेत, कपाटभर— कुणी ऐकत नाही. बिभीषण सगळ्यात पुढे, धडधाकट. अदबीनं म्हणतो, साहेब, हात द्या. शहादेवनंच माझ्या बाह्या दुमडल्या—

२० एप्रिल
पांढरं. पुढची परात. पांढरं. लई गुणाचा डाक्टर हाय, म्हणतात— उजवा हात लिहिण्यापुरता सोडलाय— अडाणी, कृतघ्न— रांगेतली कुणी कडूबाई येतेय, परात काठोकाठ— चतुराबाई म्हणते, हिला दोन्ही हात लाग—