दाजींच्या तिसऱ्या मजल्यावर जन्मलेली अजगरीण

प्रिय व्रातिस्लाव दाजींना मेहुण्या होस्तिमिलचा नमस्कार. तुमचा गुडघा आणि आमच्या ताईचा आवाज, दोन्ही ठणठणीत असतील. (गुडघ्याची मला खरोखर काळजी आहे.)

पत्रास कारण, तुम्ही वाढदिवसाला दिलेली अजगरीण. "आपल्या ओस्त्रावाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, माझ्यासमोर अंड्यातून निघालीय," असं तुम्ही ताईची शपथ घेऊन सांगितलं होतं. दाजी, ब्रनोच्या साप पाळणाऱ्यांच्या मंडळात मी पंधरा वर्षं सापांचे जन्मदाखले तपासतोय. आफ्रिकेच्या रानातून पकडून आणलेले साप घरचे म्हणून खपवणाऱ्यांना मी भरल्या बिअरवरून उठवलेलं आहे. तेव्हा संशय हा माझा स्वभाव नाही, काम आहे. (बायको म्हणते, स्वभावच आहे.)

पहिल्याच आठवड्यात ह्या अजगरीण बाईसाहेबांच्या हनुवटीखाली गोचीड सापडली. फोन केला तर तुम्ही म्हणालात, "अरे, ताईच्या कुत्र्याची असेल." दाजी, ताईचा कुत्रा जाऊन चार वर्षं झाली, त्याला पुरायला खड्डा मी खणला होता. मग जेवणाची तऱ्हा. घरचं जनावर फ्रीजरमधला उंदीर कोमट करून दिला की मुकाट गिळतं. ह्या बाईंनी सात नाकारले. (सातवा गुलाशच्या पातेल्याशेजारी कोमट होत होता, त्यावरून आमच्या घरात काय झालं ते लिहीत नाही.) शिवाय पाठीवर जुना व्रण. त्यावर तुमचं उत्तर, "लहानपणी पडली होती." साप कशावरून पडतो, दाजी?

येत्या गुरुवारी मंडळाची तपासणी आहे. सभासदानं नवा साप बिअरखान्यातल्या टेबलावर सगळ्यांसमोर ठेवायचा आणि मी भिंग लावायचं, असा आमचा नियम. ह्या वेळी साप माझा आणि भिंगही माझंच. ती रानातली निघाली तर पंधरा वर्षांची अब्रू एका संध्याकाळीत जाईल. मला फार वाईट वाटलंय. खरं काय ते उलट टपाली कळवा, नाहीतर तुमचा अहेर तुम्हाला परत.

तुमचा दुखावलेला,
होस्तिमिल

ता.क. पाकीट चिकटवणार, तेवढ्यात काचपेटीत सहा अंडी दिसली. माझ्याकडे नर नाही, कधी नव्हता, आणि तुमच्याकडे ही एकटीच होती. म्हणजे बाई रानातूनच लग्न उरकून आल्यात. माझा संशय अक्षरशः खरा ठरला!

ता.क. २. परत पाठवत नाही. पिल्लं आमच्या स्वयंपाकघरात निघणार, म्हणजे शंभर टक्के घरची. फक्त त्यांच्या आईच्या जन्मदाखल्यावर तुमची सही हवी, गुरुवारच्या आत. तुमच्याकडे नरही होता, असं ताईला नीट पढवून ठेवा. तिला खोटं बोलणं जमत नाही, आमच्या घराण्यातच ते नाही.