मागच्या सीटवरून

प्रिय मिथुन,

एकाच घरात राहून पत्र लिहिते आहे म्हणून हसशील. पण तोंडाने सांगायला गेले की तू "सोड ना ताई" म्हणतोस आणि चहा टाकायला उठतोस. म्हणून हे मोठ्या गाडीच्या मागच्या पेटीत, माझ्या हेल्मेटमध्ये ठेवते आहे. सकाळी सापडेल. रविवारी तो मुलुंडचा माणूस तुझी छोटी गाडी न्यायला येणार आहे. त्याच्या आधी तू हे वाचायला हवंस.

दोन्ही गाड्यांची तुलना तू मला शंभरदा ऐकवली आहेस. वजन किती, ताकद किती, टाकीत पेट्रोल किती मावतं. माझी तुलना मागच्या सीटवरची आहे. छोटीला तू 'नेकेड' म्हणायचास, तेव्हा आई म्हणायची, "काय रे ही भाषा." पुढे काच नाही, अंगावर झाकण नाही, इंजिन सगळं उघडं. मागे बसायला वीतभर गादी, तीही तुझ्या सीटपेक्षा उंच, आणि धरायला तुझ्या कमरेशिवाय काही नाही. पण साकीनाक्याला दोन रिक्षांच्या मधून ती अशी निघायची की मी डोळे मिटूनच घ्यायचे. उघडायचे तेव्हा ट्रॅफिक मागे राहिलेलं असायचं आणि तू शिट्टी वाजवत असायचास. मोठीवर तू एकदाही शिट्टी वाजवलेली मला आठवत नाही.

मोठी आरामाची आहे, खोटं कशाला बोलू. रुंद सीट, दोन्ही बाजूंना धरायला दांडे, पाठ टेकायला पेटी. पाय खाली सोडून बसता येतं, माझा उजवा गुडघा आता जेवढा वाकतो तेवढ्यात भागतं. चढायला मात्र उंच. म्हणून तू ती रोज बिल्डिंगच्या पायरीला लावून उभी करतोस आणि मी चढेपर्यंत दोन्ही पाय रोवून थांबतोस. डोंगर पालथे घालायची गाडी ती, आणि तू ती घाटकोपर ते अंधेरी चालवतोस, माझं ऑफिस गाठायला. लडाखचा नकाशा तुझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे, तो मी पाहिलाय.

हे सगळं तू का करतोस ते मला ठाऊक आहे. तीन वर्षांपूर्वी आरेतल्या त्या वळणावर आपण छोट्या गाडीवरून पडलो. तुला खरचटलं, माझ्या पायात सळई बसली. तेव्हापासून आई विहारात बायकांना सांगते, "पोराने ऐंशीने पळवली आणि बहिणीला पाडलं." तुला जेवायला वाढतानाही ती तुझ्याकडे बघत नाही. सुरुवातीला तू म्हणायचास, मी हळू होतो. मग म्हणायला लागलास, जरा जोरात असेन. आता तर कुणी विचारायच्या आधीच तू सांगतोस की चूक माझी होती. मी बाजूला बसून ऐकत असते. माझ्या डोळ्यांदेखत तू ते खरं मानायला लागलास आणि मी गप्प राहिले.

मी हात सोडले होते, मिथुन. दोन्ही. मावशीकडून गोरेगावहून परत येत होतो, झाडी फार छान दिसत होती आणि मला व्हिडिओ काढायचा होता. आधी तुझ्या खांद्यावरून पुढचा रस्ता घेतला. मग स्वतःला घ्यावं म्हणून फोन लांब धरून डावीकडे मागे वळले, नेमकी तू उजवीकडे झुकलास तेव्हाच. बत्तीस वर्षांची बाई होते मी. गाडी कडेच्या खडीवर गेली ती माझ्यामुळे. हॉस्पिटलात शुद्धीवर आले तेव्हा आई तुला बोलत होती. वाटलं, दुखणं कमी झालं की सांगू. मग सगळे मला जपायला लागले आणि मला ते हवंसं वाटलं. तुला बोलणी बसत होती, मला बसत नव्हती, एवढंच खरं कारण. मला स्वतःची लाज वाटते.

आज दुपारी आईला समोर बसवून सगळं सांगितलं आणि तो व्हिडिओ दाखवला. फोनची काच फुटली होती, व्हिडिओ राहिला. अकरा सेकंदांचा आहे. तीन वर्षं तो मी पुसलाही नाही आणि कुणाला दाखवलाही नाही. आईने तीनदा पाहिला. थोड्या वेळाने खिडकीतून पाहिलं तर ती खाली फडकं घेऊन तुझ्या छोट्या गाडीवरची धूळ पुसत होती. गाडी विकायची की ठेवायची ते तू ठरव. मला त्या सीटवर आता बसता येणार नाही, गुडघा तेवढा वाकत नाही. माझ्यावर रागावलास तर रागाव, सोमवारपासून मी बसने जाईन. व्हिडिओ तुला पाठवते आहे. शेवट बघू नकोस, तिथे मी किंचाळते. पहिले चार सेकंद बघ. मागची सीट उंच, म्हणून तुझ्या खांद्यावरून मीटर स्पष्ट दिसतो. त्यावर अडतीस आहे. आणि तू शिट्टी वाजवतो आहेस.

तुझीच,
संघमित्राताई